मी सोडून सारे पालटले

मराठी क्रियापदाला तीन पुरुष असतात, हे शाळेत शिकवलं जातं. 'पालटणे' या क्रियापदाला मात्र व्यवहारात दोनच आहेत. तू पालटलास, तो पालटला, ती तर लग्नानंतर पारच पालटली, ते सगळे निवडून आल्यावर पालटले. इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. 'मी पालटलो' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी सुधारतो, मी शिकतो, मी काळाची पावलं ओळखतो, फार झालं तर मी 'जरा प्रॅक्टिकल' होतो. पालटतो तो शेजारी.

पुरावा हवा असेल तर जानेफळला यावं. मेहकर तालुक्यातलं, बुलडाणा जिल्ह्यातलं जानेफळ. एवढा पत्ता मुद्दाम सांगावा लागतो, कारण पलीकडे जालना जिल्ह्यातही जानेफळं आहेत, आणि नाव ऐकून जायफळाचा भाव विचारणारे तर सगळ्याच जिल्ह्यांत आहेत. इथल्या टपरीवर पुण्याच्या कंपनीत लागलेला एखादा पोरगा सणासुदीला येऊन टेकतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "बाप्पा, गाव लय पालटलं!" टपरीवरचे जुने लोक गावाची बाजू घेतात. "गाव कायले पालटते? तूच पालटला लेका. बिनसाखरेचा चहा मांगून राह्यला!" मग दोन्ही पक्ष आपापल्या म्हणण्यावर ठाम राहून चहा संपवतात. गाव म्हणतं पोरगा पालटला, पोरगा म्हणतो गाव पालटलं. आपण होतो तिथेच आहोत, याबद्दल मात्र दोघांचं एकमत असतं.

आता कुणी म्हणेल, पालटणं काय आणि बदलणं काय, एकच. तसं नाही. 'बदल' हा शब्द अरबीतून आला आणि आल्यापासून सरकारी कामाला लागला. बल्ब बदलतात, बँकेतला मोबाइल नंबर बदलतात, तलाठ्याची बदली होते. त्यात एक वस्तू जाते आणि तिच्या जागी दुसरी येते, हिशेब पूर्ण. पालटण्यात वस्तू तीच राहते आणि तिची दुसरी बाजू वर येते. नवऱ्याने शर्ट बदलला तर कुणाचं लक्ष जात नाही. नवरा पालटला तर माहेरी फोन जातो. व्युत्पत्तीचे जाणकार 'पालटणे' आणि 'पालथा' या दोघांनाही संस्कृतातल्या 'पर्यस्त'च्या घराण्यात बसवतात. पर्यस्त म्हणजे उलटं पडलेलं. पालटण्याच्या पोटात पालथं होणं आहे ते असं. जी उलटायची ती वस्तू हातात राहायलाच हवी, नाहीतर पालटणार काय?

या क्रियापदाचा गोतावळाही मोठा आहे. हवापालट आहे. पूर्वी डॉक्टरांना रोग कळला नाही की ते हवापालट सांगत, आणि रोगी नातेवाइकांकडे जाऊन त्यांची हवा पालटून येई. वेषपालट आहे, तो नाटकात आणि निवडणुकीच्या अर्ज भरण्याच्या दिवशी होतो. खांदेपालट आहे. तो मुळात ओझं वाहणाऱ्यांचा शब्द. एकाचा खांदा भरून आला की दुसरा पुढे होतो, ओझं तेच राहतं. वर्तमानपत्रं मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या फेरबदलाला मोठ्या उत्साहाने 'खांदेपालट' म्हणतात, तेव्हा खांद्यावर नेमकं काय आहे हे विचारण्याची पद्धत नाही. २०२३ साली शरद पवारांनी भाकरी फिरवण्याची गोष्ट काढली आणि राज्यभर तिचा अर्थ लावत माणसं बसली. आमच्याकडच्या बाया त्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात उलथापालथीचं अवजार चुलीजवळच असतं. त्याचं नावच 'उलथणं'. एवढं क्रांतिकारक क्रियापद त्या रोज घासून जागेवर ठेवतात.

या गोतावळ्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा सदस्य म्हणजे कायापालट. त्याचं एक वैशिष्ट्य आहे, तो भविष्यकाळातच राहतो. रस्त्याचा कायापालट होणार, बसस्थानकाचा कायापालट होणार, तलावाचा कायापालट होणार. 'झाला' हे रूप क्वचितच दिसतं आणि दिसलं तर त्याच्या शेजारी उद्घाटनाचा फोटो असतो. शिवाय कर्ता कोण ते कळत नाही. कायापालट कुणी करत नाही, तो 'होतो', आणि होण्याआधी त्याचा नारळ फुटतो.

खऱ्या अर्थाने ज्याला कायापालट म्हणावं अशी एक कथा मात्र आमच्या या मुलखातून पायी चालून गेलेली आहे. महानुभाव परंपरा सांगते की द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी आपला देह ठेवला आणि भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केला. स्मशानात नेलेला हरिपाळदेव उठून बसला, घरी आला, संसाराला लागला. तेच पुढे चक्रधर स्वामी झाले. याला म्हणतात काया पालटणे! ना निविदा, ना नारळ. लीळाचरित्रात मेहकर आणि लोणार या दोन्ही ठिकाणच्या लीळा आहेत, म्हणजे जानेफळच्या पंचक्रोशीला कायापालटाची ओळख तेराव्या शतकापासूनची आहे. त्या कथेत मला गोड वाटतं ते हे, की घरच्यांना सगळं पूर्वीसारखंच दिसत होतं. देह तोच, चेहरा तोच, आवाज तोच. पालटला होता तो आतला माणूस. आमच्या कायापालटात याच्या उलट असतं. दर्शनी भागाला रंग लागतो आणि आत तीच गळकी मोरी.

सत्तापालटाच्या बाबतीत तर वऱ्हाडाने कोणाला हार जाऊ नये. १८५३ साली निजामाने कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५० साली त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं आणि राजधानी नागपूर राहिली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. जानेफळात १९४० साली जन्मलेल्या माणसाचा विचार करा. तो जन्मला मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, शाळेत गेला मध्य प्रदेशात, मिसरूड फुटली मुंबई राज्यात आणि बाशिंग बांधलं महाराष्ट्रात. एवढा प्रवास त्याने घराचा उंबरा न ओलांडता केला. त्याला जर विचारलं, "आजोबा, काय काय पालटलं हो?" तर तो म्हणेल, "काही नाही बा. पहिले सारा नेत होते, आता सातबारा देतात." चार-चार सत्ता येऊन गेल्या तरी पंचनाम्याला येणाऱ्या माणसाची वाट पाहण्याची पद्धत तीच.

मग गाव पालटलं कशाने? हे विचारायचं असेल तर राजपत्र बाजूला ठेवून वावरात जावं लागतं.

चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत या भागात वावर म्हटलं की पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तुरी, मूग, उडीद आणि ज्वारी. सोयाबीन हे नाव तेव्हा लोकांना परदेशी साबणासारखं वाटायचं. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांची मोहीम काढली. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून १९९४ साली जेएस ३३५ नावाचं वाण प्रसारित झालं. मध्य प्रदेशात सोयाबीन आधीच रुजलेलं होतं. कुणीतरी एक बॅग आणली. तीस किलोची, एकराला एक. धुऱ्यावर उभं राहून शेजाऱ्याने ती उगवताना पाहिली, आणि पुढच्या वर्षी त्याने दोन आणल्या. ना सभा झाली, ना ठराव. कुणी 'पीकक्रांती' असा फलक लावला नाही. प्रत्येकाने आपापल्या पोटाचा विचार केला, एवढंच.

आणि विचार बरोबरच होता. पऱ्हाटीचं बोंड वेचायला दिवाळीपासून संक्रांत उलटून जाते. वेचणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर भाव करतात. सोयाबीन शंभर दिवसांत मोकळं. सोंगलं, सुडी लावली, मळणीयंत्र आलं, एका दुपारीत पोती भरली. दिवाळीच्या तोंडावर हातात रोकडा, आणि वावर मोकळं झालं म्हणून वर हरभरा. शिवाय सोयाबीन द्विदल, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात. वहीत मांडून पाहिलं तरी नाव ठेवायला जागा नव्हती.

मग हळूहळू दुसरी बाजू वर यायला लागली. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला. कडबा गेला तेव्हा बैलाच्या दावणीला सोयाबीनचं कुटार आलं, आणि कुटारावर बैलजोडी किती दिवस ठेवणार? बैल गेला, तिथे ट्रॅक्टर आला. पोळ्याला तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या विरळ झाल्या. वावरात माळा बांधून गोफण फिरवणारं पोरगं नाहीसं झालं, कारण सोयाबीनवर पाखरं येत नाहीत. येतात ती रोही आणि रानडुकरं, आणि ती गोफणीला मोजत नाहीत. हुरडा गेला. सोयाबीनचा हुरडा करून पाहुणे बोलावले, असं अजून ऐकिवात नाही. गावाने असं खाण्याचं पीक डोक्यावर घेतलं जे गावात कुणीच खात नाही. पोतं बाजारात जातं, तेल शहरात जातं, ढेप कोंबड्यांना जाते, आणि आपण दुकानातून ज्वारी विकत आणतो. ताटातली भाकर पूर्वी घरच्या वावरातून यायची, ती आता किराण्याच्या चिठ्ठीवर आली. याहून मोठी उलथापालथ एखाद्या बादशहालाही जमली नसती.

आता जानेफळच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, हे सगळं कुणी केलं? तो म्हणेल, "जमानाच पालटला ना भाऊ." तुम्ही काय केलं? "म्या काय केलं? म्या फक्त पीक पालटलं."

आणि इथे व्याकरणाची गाठ एकदम सुटते. सुरुवातीला या क्रियापदाला प्रथमपुरुष नाही म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. 'पालटणे' हे सकर्मकही आहे आणि अकर्मकही. सकर्मक असलं की 'मी' मोठ्या दिमाखात पुढे येतो. मी पीक पालटलं, मी हवा पालटली, मी खांदा पालटला, मी पक्ष पालटला. समोर कर्म असलं की आपली तक्रार नसते. कर्म काढून घेतलं आणि नुसतं 'मी' आणि 'पालटणे' समोरासमोर उभे केले की आपण लगेच वाक्यातून उठून जातो आणि आपल्या जागी जमान्याला बसवतो. पण जमाना म्हणजे तरी कोण? जानेफळच्या शिवारात प्रत्येकाने म्हटलं, मी पीक पालटलं. या सगळ्या वाक्यांची बेरीज केली की खाली उत्तर येतं, गाव पालटलं. सगळ्यांच्या सकर्मकाची बेरीज म्हणजे गावाचं अकर्मक. हे गणित दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणात नसेल, पण सातबाऱ्याच्या पीकपाहणीत स्पष्ट दिसतं.

पालटण्याची क्रिया डोळ्यांनी पाहायची असेल तर उन्हाळ्यात पलटी नांगर चालतो त्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहावं. या नांगराला फाळांच्या दोन जोड्या असतात, एक जमिनीत आणि दुसरी तिच्या डोक्यावर आभाळाकडे तोंड करून. ट्रॅक्टर तास संपवून धुऱ्याशी येतो. ड्रायव्हर कानातला गाण्याचा बोळा न काढता एक दांडा ओढतो, हायड्रॉलिक कण्हतं, नांगर जमिनीतून वर येतो, हवेत अर्धी गिरकी घेतो, आणि वरचे फाळ खाली, खालचे वर. पुन्हा खाडकन जमिनीत. मग वीतभर, हातभर खोलीची माती वर येते. ती ओलसर, जास्त काळी, आणि वर्षभर ऊन न पाहिलेली असते. वरची धसकटं, तण आणि कोरडी माती खाली गाडली जाते. हराळीची मुळं उन्हाला लागतात. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या उघड्या पडतात आणि नांगरामागून चालणारे बगळे त्यांचा पंचनामा जागच्या जागी उरकतात. बाहेरून एक कणही माती आलेली नसते आणि आतली एक कणही कुठे गेलेली नसते. नांगरणीच्या आधी जे होतं तेच सगळं नंतरही आहे, फक्त वरचं कोण आणि खालचं कोण हे ठरलं. एवढ्यावर पुढच्या वर्षीचं पीक अवलंबून असतं.

गंमत म्हणजे हा नांगर फक्त उलटून थांबला असता तर कामाचा राहिला नसता. तो प्रत्येक धुऱ्याशी पुन्हा पालटतो, म्हणूनच त्याचं तास सरळ येतं. परतीच्या वाटेवरही माती त्याच बाजूला पडते आणि वावराच्या मध्ये नाळ राहत नाही. सरळ जायचं तर वेळेवर उलटावं लागतं. राजकारणातले लोक हे वाक्य ऐकून खूष होतील, म्हणून सांगून टाकतो, नांगर उलटतो तो तास पूर्ण झाल्यावर. अर्ध्यातून नाही.

कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांतून एक शब्द सतत येतो, 'फेरपालट'. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं एकच पीक घेऊ नका, फेरपालट करा, असा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. फेरपालट हा पालटाचा सगळ्यात शहाणा भाऊ. त्यात परत येण्याची सोय आहे. ज्वारी, मग हरभरा, मग तूर, मग पुन्हा ज्वारी. आपण पीक पालटलं, पण फेर विसरलो. दरवर्षी सोयाबीनच. त्यामुळे २०२० च्या खरिपात बियाणं उगवलं नाही तेव्हा सगळ्यांचंच उगवलं नाही, पिवळा मोझॅक आला तेव्हा तो धुरा बघून थांबला नाही. भावाचंही तेच. २०२१ साली क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव २०२४ च्या हंगामात ४८९२ रुपयांच्या हमीभावालाही शिवेना. दर दिवाळीला गावात चर्चा होते, "औंदा सोयाबीन पेरायचंच नाही." जूनमध्ये पाऊस पडतो आणि बॅगा येतात. पालटायचं ठरवणं सोपं, ते पावसाळ्याच्या आधीपर्यंत टिकतं.

निसर्गाला मात्र आपल्यासारखा संकोच नाही. जून २०२० मध्ये शेजारच्या लोणारच्या सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्कापाताने घडलेलं ते विवर. हजारो वर्षं हिरवट दिसणारं पाणी, आणि चार दिवसांत गुलाबी! देशभर फोटो गेले. तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि सांगितलं, हे खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम, हॅलोआर्किया. पाणी आटलं, खारेपणा वाढला, आणि त्यांना रंग चढला. म्हणजे बाहेरून कुणी रंग ओतला नव्हता. ज्यांनी रंग दिला ते सरोवराच्याच पोटातले होते, त्यांची पाळी आली एवढंच. पुढे रंग ओसरला आणि सरोवर परत आपल्या हिरव्यात आलं. फेरपालट कसा करावा हे लोणारला ठाऊक आहे.

माणसांत हे धाडस फक्त एका वयात असतं. तान्हं बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात एक दिवस गुडघा वर घेतं, तोंड लाल करतं, कण्हतं, आणि भसकन पालथं पडतं. घरात आरडाओरडा होतो. आजी कामं टाकून येते, मामाला व्हिडिओ जातो, तोंड गोड होतं. आयुष्यातला पहिला पालट! कुणी सांगितलेला नाही, कुणी करवलेला नाही, समोर कर्म नाही. शुद्ध अकर्मक आणि शुद्ध प्रथमपुरुषी. पण ते वाक्य म्हणायला त्याच्याजवळ भाषा नसते. वर्षभराने भाषा येते, आणि तोवर घरातल्यांचं ऐकून ऐकून त्याला कळलेलं असतं की पालटतात ते दुसरे.

म्हणून मी अलीकडे टपरीवरच्या त्या भांडणात पडत नाही. गाव पालटलं म्हणणाऱ्या पोरालाही हो म्हणतो, पोरगा पालटला म्हणणाऱ्या म्हाताऱ्यालाही हो म्हणतो. दोघांनी माझ्याकडे वळून "अन् तुमी?" असं विचारलंच, तर माझं उत्तर तयार आहे. मी म्हणतो, औंदा दोन एकर ज्वारी पेरतो म्हणून पाहा लागते. पाहा, कर्म मी हातचं सोडलेलं नाही. पण ज्वारी उभी राहिली तर माळा लागेल, गोफण लागेल, आणि पाखरं हाकायला मलाच वर चढून बसावं लागेल. एवढं झाल्यावर कुणी म्हणालं की हा पालटला, तर ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडचं असलं तरी मी त्यावर सही करून देईन.